बाबांची दोरी

आमच्याकडे भाजी दुसऱ्या दिवशी शिळी होते, माझा राग होत नाही. एका मैत्रिणीने माझी निळी साडी नेसायला नेली आणि इस्त्रीचा डाग पाडून, घडी उलटी करून परत दिली. तिच्या लग्नाला मी गेले नाही, बारशाला गेले नाही, आणि आता तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तरी जाणार नाही. साडी काही फार चांगली नव्हती. घडी उलटी केली, याचा राग आहे.

तेव्हा ज्या माणसाने माझ्या बाबांची दोरी कापली त्याच्याबद्दल मी मनात काय धरून बसले असेन, याची कल्पना यावी.

बाबा खडकीच्या कारखान्यात लेथवर होते. हाताचा माणूस. धातूच्या तुकड्यावरून बोट फिरवून ते सांगायचे, इथे केसभर जास्त आहे. निवृत्त झाले, आई गेली, आणि मग खडकी स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये ते, मी आणि त्यांचे मासे पकडायचे रॉड असे तिघे उरलो. मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांचीही मी मनात नोंद ठेवलेली आहे.

गळ टाकायची सवय बाबांना तरुणपणी लागली, इथेच, नदीवर. तिथेच त्यांना काका भेटले. काकांचं नारायण पेठेत चष्म्याचं दुकान. दोघांची जात वेगळी, वस्ती वेगळी, पण तासन्‌तास न बोलता शेजारी बसता येणारा माणूस पुण्यात सहजी मिळत नाही, त्यामुळे जमलं. पुढे नदीची दशा अशी झाली की गळाला जलपर्णी आणि फेस याशिवाय काही लागेना. मग दोघे घाट उतरून कोकणात जायला लागले. हिवाळ्यात, रविवार पाहून, काकांच्या गाडीतून.

तिथे खाडीला लागून एक तळं आहे. तळं म्हणजे काय, कमरेएवढं पाणी, कुठे कुठे गुडघाभर, आणि खाली मऊ चिखल. एका बाजूला मातीचा बांध आणि बांधात एक उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं लाकडी झडपेचं दार. भरतीला नदीच्या मुखातून खारं पाणी वर चढतं, उघाडीतून तळ्यात शिरतं आणि त्याच्याबरोबर बारीक मासळी येते. ती खायला जिताडा दारातोंडी येऊन थांबतो. पहिल्या वर्षी या दोघांनी नदीवरच्या सवयीने शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे टाकले होते. दिवसभर काट्याच्या शिंगाळ्यांशिवाय काही लागलं नाही आणि बांधावरची पोरंसोरं हसली. मग ते जिवंत कोळंबी लावायला शिकले.

जिताडा हा एकच मासा दोघांच्या डोक्यात. छोटे लागायचे. मोठा मात्र वर्षानुवर्षं दोघांनाही हुलकावणी देत होता.

त्या बांधावर गळवाल्यांचा एक नियम आहे. कुणाला मोठा मासा लागला की बाकीच्यांनी दोऱ्या आत घ्यायच्या. तरीही दोऱ्या गुंतल्याच, तर ज्याच्या गळाला मासा नाही त्याने आपली दोरी कापायची. यावर चर्चा नाही, वाद नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या गळ्यात नाडीला बांधलेला नेलकटर असतो. घरात नखं कापायचा असतो ना, तोच. नायलॉनची दोरी त्याने एका चिमटीत तुटते.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागून काही महिने झाले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि हे वाढत जाणार हेही. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि परत येताना रिक्षात मला म्हणाले की या वर्षीचा हिवाळा तरी मिळावा. म्हणून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. गळाला कोळंबी टोचून द्यायला मला परवानगी होती. बाकी सगळं ते स्वतः करायचे. गाठ बांधायला वेळ लागायचा, पण बांधायचे. निघण्याआधी सगळी दोरी चिमटीतून ओढून बघायचे, कुठे घासली आहे का, कुठे खरखरीत लागते का. लेथवरचंच काम ते. डोळे मिटून करायचे.

त्या दिवशी भरती अर्ध्यावर आली आणि बाबांच्या रॉडला असा हिसका बसला की मी थर्मास टाकून उठले. मासा पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं आणि परत आत गेला. चंदेरी, रुंद, माझ्या हातापेक्षा लांब. बाबांचं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मी सांगू शकत नाही. त्यांचे हात थरथरत होते की नाही, ते मला आठवतसुद्धा नाही, म्हणजे नसावेत.

काकांनी दोरी आत घ्यायला हवी होती. घेतली नाही. नंतर म्हणाले, मलाही काहीतरी टोचल्यासारखं वाटलं म्हणून थांबलो. मासा त्यांच्या बाजूला वळला आणि दोऱ्या गुंतल्या. बाबा हळूहळू रीळ फिरवत होते. मासा दमला होता, बांधापासून थोड्याच अंतरावर थांबून होता. काका, 'सोडवतो, सोडवतो', असं म्हणत जवळ आले. दोन्ही दोऱ्या त्यांनी डाव्या हातात धरल्या. त्यांचा उजवा हात गळ्यातल्या नेलकटरकडे गेला. मी अगदी शेजारी उभी होते.

बाबांचा रॉड एकदम सरळ झाला.

'तुटली,' काका म्हणाले. फार लवकर म्हणाले.

आता हे ऐका. काकांची दोरी पिवळीधमक. वय झालं, दिसायला सोपी जावी म्हणून त्यांनी मुद्दाम तसली घेतलेली. बाबांची राखाडी. पेठेत बसून लोकांचे नंबर काढणाऱ्या माणसाला पिवळी कोणती आणि राखाडी कोणती हे समजलं नाही, असं मानायला मी तयार नाही. बाबांनी उरलेली दोरी गुंडाळून घेतली. टोक हातात आलं तेव्हा मी पाहिलं. ते ताणून तुटलेल्या दोरीसारखं निमुळतं, कुरळं नव्हतं. कापलेल्या नखासारखं सपाट होतं. मी तोंड उघडणार तोच बाबांनी सवयीने आपला नेलकटर काढला, ते टोक बोटभर छाटलं आणि तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला. बांधावर दोरीचे तुकडे टाकायचे नाहीत, पाखरांच्या पायात अडकतात, हा त्यांचा शिरस्ता. माझ्या हातातला एकमेव पुरावा त्या शिस्तीने गेला. पुढे तो सदरा धुऊनही झाला.

बाबा म्हणाले, 'कुठेतरी घासली असणार. मला कळायला हवं होतं. बोटांना आता कळत नाही.'

काकांनी आपली पिवळी दोरी गुंडाळायला घेतली. 

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, दोरी तुटली नाही, काकांनी कापली, मी पाहिलं. ते खुर्चीत बसून पाय चोळत होते. म्हणाले, डोळे तपासून घे, काकांकडेच जा. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यावर त्यांनी रेडिओ लावला. दुसऱ्या दिवशी रॉड पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि पुन्हा गेले नाहीत.

मला जे सहन होत नव्हतं ते हे. मासा गेला, जाऊ दे. पण आयुष्यभर ज्या बोटांवर या माणसाने विश्वास ठेवला, ती आता फुकट गेली असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटं होतं. बोटांनी काही चूक केली नव्हती. दोरी शाबूत होती. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि माझं ते ऐकत नव्हते. ते फक्त एकच माणूस सांगू शकत होता.

आणि तो माणूस दर रविवारी आमच्या घरी येत होता. सकाळी मंडईत जाऊन कोवळी गवार, मटार, जे काही हंगामात असेल ते घेऊन यायचा. कुठल्या तरी वैद्याचं तेल आणायचा. बाबांसमोर साळसूदपणे बसून चौकशी करायचा. बाबा दोन्ही हात पुढे करायचे, ते थरथरत असायचे, आणि म्हणायचे, 'बोटांना आता कळत नाही रे.' काका कपात बघत बसायचे. चहा निम्मा टाकायचे. मी स्वयंपाकघरातून हे बघायची आणि माझ्या हातातलं लाटणं पोळीऐवजी दुसरीकडे फिरावं असं वाटायचं. एकदा जिन्यात गाठून मी त्यांना म्हटलं की बाबांना खरं काय ते सांगा. ते म्हणाले, 'कसलं खरं?' पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग मी ठरवलं. सांगणार नसाल तर भोगा.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी काकांना सांगितलं की मला गळ टाकायला शिकायचंय, बाबांची जागा रिकामी आहे, मला न्या. ते इतके खूश झाले की मला किळस आली. त्यांना वाटलं, माझं मन निवळलं. मी माळ्यावरचा रॉड काढला. बाबा बघत होते, त्यांनी फक्त रिळाला तेल कुठलं घालायचं ते सांगितलं. त्यांचा नेलकटर मी गळ्यात घातला.

तो सबंध हिवाळा मी त्या माणसाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून काढला. तो एक शब्द न बोलता गाडी चालवायचा. काकूंनी दिलेली थालीपिठं मी खायची, चांगली झालीत म्हणायची, आणि मनात म्हणायची, तुझ्याच घरचं खाऊन तुझं उट्टं काढते. मी नेटाने शिकले. गळ टाकायला शिकले, दोरी चिमटीतून ओढायला शिकले. पुणेकर रविवार बघून जातात, मासा तिथी बघून येतो, हेही शिकले. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, उघाडीतून पाणी नुसतं लोटतं आणि मोठा मासा तेव्हाच आत येतो. म्हणून मी कॅलेंडरवर पौर्णिमेला लागून येणारे रविवार हेरून काकांना गळ घालायची, या रविवारी जाऊ या. त्यांना मासा लागावा म्हणून माझ्याइतकी काळजी त्यांनी स्वतःही केली नसेल. त्यांच्या गळाची कोळंबी मी निवडून द्यायची, सगळ्यांत चपळ असेल ती.

थंडी सरत आली आणि अशाच एका रविवारी तो लागला.

काकांचा रॉड वाकला. पिवळी दोरी पाणी कापत गेली. मासा वर आला तेव्हा बांधावरची दोनचार माणसं उभी राहिली, आणि सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या आत घेतल्या. मी घेतली नाही. उलट रॉड थोडा फिरवला, म्हणजे माझी दोरी त्यांच्या वाटेत येईल. आली.

'दोरी घे बाळ,' काका म्हणाले. 'तुझी दोरी घे.'

'सोडवते काका, सोडवते.'

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तोंड लहान मुलासारखं झालं होतं. मला एक क्षणभरही दया आली नाही, हे मी स्वच्छ सांगते. मासा दमून थांबला होता. मी पिवळी दोरी बोटांत धरली. ती ताठ होती आणि आतून बारीक हलत होती, पलीकडे कुणीतरी जिवंत आहे हे कळत होतं. मी नेलकटर लावला आणि दाबला.

रॉड सरळ झाला. माशाने वळून शेपटी मारली, गढूळ पाणी वर आलं, आणि त्याची पाठ उघाडीच्या दारातून खाडीकडे निघून गेली.

मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. शाळेत पेपर तपासताना, बसची वाट बघताना, मी ते घासूनपुसून ठेवलं होतं. बाबांना काय वाटलं असेल ते आता समजलं ना, असं काहीसं होतं. पण काका माझ्याकडे वळलेच नाहीत. रॉडच्या टोकाकडे बघत त्यांनी विचारलं, 'कापलीस ना?'

'हो.'

ते खाली बांधावर बसले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग म्हणाले, 'बरं झालं.'

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ते खरंच तसं म्हणाले होते, आणि त्यांच्या तोंडावर मला हवं होतं त्यातलं काहीच नव्हतं. दगड उतरवून ठेवलेल्या हमालासारखे ते खांदे हलवत होते. त्यांनी डबा उघडला, अख्खा संपवला, बोटं चाटली. परतताना ते इतकं बोलले की गाडी कमी आणि तोंड जास्त चालत होतं. दुकानाबद्दल, काकूंच्या गुडघ्यांबद्दल, तरुणपणी नदीवर बाबांना पहिल्यांदा पाहिलं त्याबद्दल. घाटात थांबून वडापाव खाल्ला. मी खाल्ला नाही. खडकीला मला उतरवताना म्हणाले, 'बाबांना सांग. मी त्यांची कापली होती, आता तू माझी कापलीस. तूच सांग.'

शेवटी कबूल झाला. जिने चढताना मी धावतच होते. बाबांच्या बोटांचा निकाल माझ्या हातात होता.

बाबा खुर्चीतच होते. मी सगळं सांगितलं, दोरी कशी गुंतवली, कशी कापली, काका काय म्हणाले. काकांनी कबूल केलंय, तुमची दोरी घासलेली नव्हती, तुमच्या बोटांचं काही चुकलं नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की मासा पळत असताना कापलीस की थांबलेला असताना.

थांबलेला असताना, मी म्हटलं.

'हं. दोरी तुटते ती मासा ओढ घेत असताना. दम खात थांबलेल्या माशाची दोरी तुटत नसते. हातात रॉड असलेल्याला ते तिथल्या तिथे कळतं.'

मला समजायला थोडा वेळ लागला. मी खाली बसले. म्हटलं, 'म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?'

'तेव्हाच.'

'मग मी सांगत होते तेव्हा डोळे तपासून घे का म्हणालात? त्यांना का विचारलं नाहीत?'

'विचारलं असतं तर त्याने तिथेच माफी मागितली असती. मग मला माफ करावं लागलं असतं. इतक्या वर्षांचा मित्र, दुसरं काय करणार होतो? घाट चढेपर्यंत तो मोकळा झाला असता.'

ते शांतपणेच बोलत होते, रिक्षात बोलले होते तसंच. पण त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर जोरजोरात हलत होते आणि ते थांबवायचा प्रयत्न ते करत नव्हते.

'तो माझा शेवटचा मासा होता,' ते म्हणाले. 'त्यालाही ते माहीत होतं. म्हणून मी दर रविवारी हे हात त्याच्यासमोर धरत होतो. बोटांना कळत नाही म्हणत होतो. त्याला चहा जात नव्हता, पाहिलंस ना? मी मेल्यावरसुद्धा त्याला गेला नसता. आणि तू एका दिवसात त्याला मोकळं करून आलीस.'

 मी त्यांचा नेलकटर गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी रेडिओ लावला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी काका आले. बेल दोनदा वाजवली. खुर्ची ओढून बाबांच्या अगदी जवळ बसले आणि आपला मासा किती मोठा होता ते हात पसरून सांगायला लागले. कसा लागला, कसा उसळला, आणि तुझ्या लेकीने कसा घालवला, असं म्हणून मोठ्याने हसले. बाबांच्या पाठीवर थाप मारली. फिटलं की नाही रे, असं विचारलं. बाबा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मग काकांनी विचारलं, हवापाण्याची चौकशी करावी इतक्या सहज विचारलं, 'हात कसे आहेत?'

'ठीक आहेत,' बाबा म्हणाले. त्यांनी ते शालीखाली घेतले होते.

काकांनी कप तळापर्यंत रिकामा केला आणि मला हाक मारून आणखी अर्धा कप मागितला. मी उठून गॅस पेटवला. त्या माणसाचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता, आणि आता तो काढायला मला काहीही कारण उरलेलं नव्हतं.